ग्रीनवर हळद

पहिल्या ग्रीनवर हळद वाळत होती. दुसऱ्यावरही. तिसऱ्याच्या कडेला दोन बाया उकिडव्या बसून हळकुंडं हातांनी उलटीपालटी करत होत्या आणि माझ्या खांद्यावरच्या गोल्फ बॅगकडे बघून हसत होत्या. मी पुण्याहून हिंगोलीपर्यंत रेल्वेने, तिथून गोरेगावपर्यंत एसटीने आणि पुढे जीपमध्ये बॅग मांडीवर घेऊन आले होते, ती याच ग्रीन तपासायला.

माझं काम लोकांना चैनीचं वाटतं. गावोगावची गोल्फ कोर्सेस खेळायची आणि एका इंग्रजी मासिकात त्यांच्याबद्दल लिहायचं. कोर्स कसं आखलंय, कुठे विचार केलाय, कुठे नुसता पैसा ओतलाय, हे बघायचं आणि शेवटी रेटिंग द्यायचं. तलाव, कारंजी, क्लबहाऊसमधलं जेवण यांना माझ्या हिशेबी फारशी किंमत नसते. किंमत असते ती ग्रीनला. ग्रीन म्हणजे जिथे भोक असतं आणि चेंडू हलकेच ढकलून त्यात घालवायचा असतो, तो सपाट तुकडा. त्या ढकलण्याला पटिंग म्हणतात. पटिंग केल्याशिवाय रेटिंग द्यायचं नाही, हा आमच्याकडचा पक्का नियम.

हे सहा होलचं कोर्स रामधन राठोड यांचं. पहिला फटका मारायच्या जागेपासून ग्रीनवरच्या भोकापर्यंतचा पट्टा म्हणजे एक होल. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. छावणीत त्यांची बरीच वर्षं साहेब लोकांच्या गोल्फ कोर्सच्या देखभालीत गेली आणि तिथेच खेळाची गोडी लागली. सेनगाव तालुक्यातल्या आपल्या तांड्यावर परत आल्यावर त्यांनी बायकोच्या नावावरच्या जमिनीत कोर्स आखलं. मग ते आमच्या ऑफिसला फोन करत राहिले. इतके की शेवटी संपादक वैतागून मला म्हणाले, "जाऊन ये एकदा. माणूस काही थांबत नाही."

फोन का थांबत नव्हते, ते मला जीपमध्ये कळलं. ते स्वतः मला घ्यायला गोरेगावला आले होते.

"मालकिणीनं अट घातली हाय मॅडम," राठोड म्हणाले. "बाहेरचं जाणतं माणूस येऊन खेळलं अन् चांगलं म्हणलं, तर जमीन माझ्याकडं. न्हाई तर पाऊस पडायच्या आत नांगर. तिला सोयाबीन पेरायचं हाय."

"आणि जाणतं माणूस म्हणजे मी?"

"व्हय. दुसरं कोण येऊन राहिलंय इथं?"

एवढं ओझं घेऊन मी आजवर कुठल्याच कोर्सवर उतरले नव्हते. पंचतारांकित क्लबला मी कमी रेटिंग दिलं तर फार तर मॅनेजरचा चेहरा पडतो. इथे एका माणसाचं सगळं म्हातारपण पणाला लागलेलं होतं.

आता हळदीचं. गवताच्या ग्रीनला पाणी लागतं. कोरड्या मुलखात त्याऐवजी वाळूचं ग्रीन करतात, त्यात तेल मिसळून ती दाबून घट्ट बसवतात. त्याला ब्राउन म्हणतात. राठोडांना हे सगळं माहीत होतं. पण वाळू आणि तेल आणायचं कुठून? मग त्यांनी त्यांना येत होतं तसं केलं. मुरूम पसरला, पाणी मारून धुमसाने ठोकला, वरून शेणाने सारवलं. आणि बाहेर उभं राहून पाहिलं तर ते खळं झालं होतं. स्वच्छ, टणक, सहा मोठी खळी. फाल्गुनात तांड्यावर उकडलेल्या हळदीचे ढीग पडलेले असताना अशी तयार खळी समोर दिसली, तर कोण कशाला विचारत बसेल?

"तुम्ही नको म्हणायचं होतं," मी म्हणाले.

राठोड माझ्याकडे असं बघत राहिले, जणू मी त्यांना कोणाच्या घरचं पाणी तोडायला सांगितलं होतं.

"खळ्याला न्हाई म्हणत न्हाईत मॅडम. खळं कोणाचंबी असो, हळद सगळ्यांची वाळती. मला वाटलं, तुमी येस्तोवर उचलतील. पण मधी आभाळ आलं. वाळलीच न्हाई."

मी बाजूला जाऊन संपादकांना फोन लावला.

"ग्रीन बंद आहेत," मी म्हणाले.

"दुरुस्ती चालू आहे का?"

"हळद आहे."

"पटिंग नाही तर रेटिंग नाही. ड्रॉप कर आणि परत ये. त्या पानात आपण दुसरं काही घालू."

बोलणं बरोबर होतं. पण 'ड्रॉप' म्हणजे मे महिन्यात नांगर. न बघताच नापास करण्यासारखं ते झालं असतं, आणि ते मला सहन होईना.

"एक तरी ग्रीन मोकळं करता येईल का?" मी राठोडांना विचारलं. "तासाभरासाठी?"

ते टोपी काढून डोकं खाजवत उभे राहिले. पहिल्यावर कोणाची, दुसऱ्यावर कोणाची, हे त्यांना माहीत होतं. पण कोणाला विचारायला त्यांची जीभ रेटत नव्हती. अर्धवट वाळलेली हळद गोळा केली तर तिचा रंग बिघडतो. स्वतःच्या खेळापायी दुसऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाला हात लावायचा हे त्या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. त्याच क्षणी मला ते फार आवडले.

तेवढ्यात धुरपताबाई आल्या. राठोडांच्या मालकीण, म्हणजे बायको. डोक्यावर पदर, हातात लाकडी दाताळं. आमचं बोलणं त्यांनी बांधावरून ऐकलं असावं.

"चवथ्यावर माझी हाय," त्या म्हणाल्या. "ती सारते कडंला."

"अगं, अजून ओली हाय ती," राठोड म्हणाले.

"तासाभरात काय सडून राहिली?"

आणि त्या लागल्या ओढायला. राठोड दुसरं दाताळं घेऊन धावले. मीही हात लावला. माझे तळवे पिवळेजर्द झाले. ओढता ओढता मी त्यांना विचारलं, "काकू, मी चांगलं म्हणाले तर तुमचं सोयाबीन राहून जाईल. मग तुम्हीच काहून मदत करताय?"

माझ्या तोंडचं 'काहून' ऐकून त्या हसल्या. "फैसला व्हायचा तर बराबर व्हावा बाई. हळदीमुळं राहिलं म्हणून हे जन्मभर मला ऐकवत बसतील."

मी खेळायला सुरुवात केली. बाकीच्या पाच ठिकाणी हळदीच्या अलीकडे चेंडू थांबवला आणि पुढे गेले. पटिंग नाही, पण आखणी तर दिसत होती. पहिले दोन होल म्हणजे सरळ चालत जायचं आणि सरळ परत यायचं. तिसरा आणि पाचवा एकमेकांना छेदत होते, दोघं जण खेळत असतील तर एकाचं डोकं फुटायचं. सहावा म्हशींच्या गोठ्याशी संपत होता आणि एका म्हशीचा त्याला विरोध होता.

मग चौथा.

चौथा होल एका फटक्याचा. वर माळावर उभं राहायचं, खाली कोरडा नाला, नाल्याच्या काठाने पळस फुललेले, आणि पलीकडे उतारावरच्या लहानशा पायरीवर ते ग्रीन. कमी मारलं तर नाल्यात. जास्त मारलं तर चेंडू मागच्या दगडांत. वारा डावीकडून, आणि तो खालच्या पळसांवरून आधी दिसतो, मग अंगाला लागतो. तिथे उभी राहिले आणि हातातली काठी मी दोनदा बदलली. चांगल्या होलवर असं होतंच. खर्च केलेल्या जागा मी शेकड्याने पाहिल्यात. ही कोणीतरी बघितलेली जागा होती. राठोडांनी इथे काहीच केलं नव्हतं. फक्त कुठे उभं राहायचं ते ओळखलं होतं.

माझा चेंडू ग्रीनवर पडला. बूट बाहेर काढून मी अनवाणी गेले, कारण हळदीच्या जागी पायताण घालून जायचं नसतं हे मला त्या बायांनी लांबूनच ओरडून सांगितलं. सारवणावर चेंडू सरळ, एका लयीत गेला. कुठे उडी नाही, कुठे ओढ नाही. भोकाच्या कडेला थबकला आणि पडला. तिसऱ्याच्या कडेला बसलेल्या बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

धुरपताबाई मात्र दाताळ्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "पास का नापास?"

राठोड अटेन्शनमध्ये उभे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"चौथा पास. मी खेळलेल्या चांगल्या होलपैकी एक आहे. हे मी तुमच्यासाठी गोड बोलत नाही."

"अन् बाकीचे?"

"ठीक आहेत."

"ठीक म्हंजे?"

आमच्या धंद्यात 'ठीक' हा फार सोयीचा शब्द आहे. वाचक समजायचं ते समजतात, क्लबवालेही रागावत नाहीत. पण समोर जिची जमीन होती तिला तो शब्द पुरणार नव्हता.

"म्हणजे त्यांच्यासाठी मी परत येणार नाही," मी म्हणाले. "चौथ्यासाठी येईन."

बोलले आणि वाईट वाटलं. राठोडांची नजर खाली गेली. धुरपताबाईंनी नाल्याकडे पाहिलं, वर माळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मग चवथा ठेवा," त्या म्हणाल्या. "नाल्यात तसंबी काय पिकून राहिलं? बाकीचं नांगरते. खळी मात्र सगळी ठेवते. या बायांनी हळद कुठं वाळू घालावी?"

मला वाटलं, आता हा माणूस माझं तोंडही बघणार नाही. राठोडांनी टोपी घातली, तिसऱ्या होलच्या दिशेने एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "बराबर हाय. तिसरा मला कधी जमलाच न्हाई."

आणि आम्ही तिघंही पुन्हा हळद पसरायला लागलो.

संपादकांनी विचारलं, "एका होलच्या कोर्सला रेटिंग कसं द्यायचं?" मी म्हणाले, होलला द्या. बरीच कुरकुर करून त्यांनी एका कोपऱ्यात ते छापलं. पावसाळ्यात राठोडांचा फोन आला. सोयाबीन गुडघ्याला लागलंय, चौथ्याच्या कडेने त्यांनी वरून, बाजूने आणि नाल्यापलीकडून अशा उभं राहायच्या नव्या जागा केल्यात, संध्याकाळी आलटून पालटून खेळतात. दिवाळीनंतर मी गेले. दिवसभर तो एकच होल खेळले आणि कंटाळले नाही.

मोठ्या कोर्सना अठरा होल असतात. त्यातले लक्षात राहतात दोन किंवा तीन. बाकीच्यांबद्दल मी अजूनही 'ठीक' असंच लिहिते, कारण तिथे ते नांगरून टाकणारं कोणी नसतं.