लाल टिकलीची पट्टी

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरनं जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलं. जमिनीवर बसायचं नाही म्हणजे मासे साफ करायचे नाहीत, निवडणं-टिपणं नाही. आमच्या घरात खुर्चीवर बसून करण्यासारखं एकच काम चालायचं, ते म्हणजे नातीचा गेम. म्हणून मी त्यात गेले. या वयात कशाला, असं लोक हसून विचारतात. कारण एवढंच आहे.

नात तेव्हा माहेरी आली होती. तिला उरणकडे दिली आहे. जावयाचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात. घर मोठं आहे, दाराशी गाडी आहे. जावई हात उचलतो. हे मी सरळ लिहिते, कारण आमच्या घरात कोणी सरळ बोलत नाही. "त्यांचं जरा पटत नाही" म्हणतात. "डोक्यानं गरम आहे, पण मनाचा वाईट नाही" म्हणतात. ती तिसऱ्यांदा आली तेव्हा तिच्या डाव्या दंडावर पाच बोटं उठली होती. आधीच्या दोन्ही वेळी घरानं जे केलं तेच आताही केलं. सुनेनं शेकलं, हळद लावली, कोलंबीचं कालवण केलं. मग जावयाचा फोन येतो, तो गोड बोलतो, आम्ही डबा भरून देतो आणि ती जाते. या वेळी ती जाणार की राहणार, एवढाच प्रश्न घरात होता, आणि तो कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

लग्नाआधी ती महापेला कंपनीत जायची. आता दिवसभर खोलीत पडून असायची. येताना कपडे कमी आणले होते, लॅपटॉप मात्र आणला होता. रविवारी जेवणं झाली की कानाला हेडफोन लावून बसायची, आणि मला बाहेर तिचं हसणं ऐकू यायचं. आठवड्यात तेवढंच.

एका रविवारी हसणं आलं नाही. आत गेले तर ती गप्प बसलेली. गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या त्यांच्या पाच जणांतला एक जण कामासाठी परदेशी गेला होता. तो हीलर होता, म्हणजे जखमी झालेल्यांना बरं करणारा. त्याच्याशिवाय मोठ्या बॉसपुढे जाताच येत नाही.

मी म्हटलं, "ते काम अवघड हाय का?"

"पट्ट्या बघायच्या नि बटन दाबायचं."

"मग मी बसते. नायतरी खुर्चीतच हाय."

 ती उठून तिच्या बापाचा जुना कॉम्प्युटर पुसायला लागली.

मी चौथीपर्यंत शिकले, मराठी शाळेत. इंग्रजी आकडे ओळखते, अक्षरं नाही. पडद्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक पाच हिरव्या पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर इंग्रजीत नाव. नातीनं टिकल्यांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक पट्टीशेजारी काचेवर एकेक टिकली चिकटवली. लाल टिकली ती स्वतः. हिरवी म्हणजे नेरूळचा छपाईवाला, तो सगळ्यांचा म्होरक्या. पिवळी ऐरोलीची एक मुलगी. निळी एक माणूस, जो कधीच बोलायचा नाही. काळी मी. मार बसला की पट्टी कमी होते, रिकामी झाली की माणूस मेला. ज्याला भरायचं त्याच्या पट्टीवर माऊसनं टिचकी मारायची, मग एकचं बटन दाबलं की थोडं भरतं, दोनचं दाबलं की भरपूर भरतं, पण त्याला वेळ लागतो. खाली माझी एक वेगळी निळी पट्टी, ती माझी ताकद. ती संपली की मी नुसती बघत उभी.

नात टँक होती. टँक म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन बॉसचा मार अंगावर घेणारा. बाकीचे मागून मारतात. बॉस म्हणजे गुहेतल्या तळ्यातली एक चिंबोरी, देवळाएवढी. नांगी वर गेली की समजायचं, आता बसणार.

पहिल्याच वेळी मी सगळ्यांना मारलं.

"आजी, टँकला, टँकला," छपाईवाला हेडफोनमध्ये सांगत होता, आणि मी आधी त्याला भरत होते, मग ऐरोलीच्या मुलीला, मग न बोलणाऱ्याला. त्यांना जरासं खरचटलं तरी भरत होते. लाल टिकली अर्ध्यावर आली, पाव झाली, मग मी तिच्याकडे वळले, आणि दोन दाबून वाट बघेपर्यंत नांगी बसली. तिच्यामागून आम्ही सगळे गेलो.

"आजी, तुम्ही टँकला सगळ्यांत शेवटी का घेता?" छपाईवाल्यानं विचारलं. रागावून नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

 नात बाजूला बसून म्हणाली, "वाढते हाय ती."

तिनं बरोबर ओळखलं. आमच्या आळीत कुठेही हळद असो, भाताची परात माझ्या हातात असायची. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरं, मग घरच्या बायका. पाहुण्याच्या पानात भात कमी दिसला की हात आपोआप जातो. आपल्या पोरीला काय, ती आपलीच, ती नंतर जेवेल. आणि वाढणारी सगळ्यांच्या मागून. तीन परके आणि एक घरची, तर माझा हात आधी परक्यांकडे जाणारच.

ऐरोलीची मुलगी म्हणाली, "आजी, आम्ही पाहुणे नाही हो. मी उपाशी राहीन, चालेल."

"तुमी गप बसा, तुमचा आवाज आयला की माझा हात तिकडे जातो," मी म्हटलं. तेव्हा सगळे हसले. नातही हसली. न बोलणाऱ्यानं काहीतरी लिहून पाठवलं. नात म्हणाली, तो हसतोय.

सवय मोडायला बरेच रविवार गेले. लाल टिकली आधी, काळी नंतर, बाकीचे मागून. काळी दुसरी, हे मला जास्त जड गेलं. पण छपाईवाल्यानं सांगितलं, "तुम्ही मेलात तर तिला कोण भरणार?" ते पटलं.

जमायला लागलं तसा मला दुसराच त्रास सुरू झाला. आधी घाईत काही दिसत नव्हतं, आता दिसायला लागलं. चिंबोरी मारते, लाल पट्टी उतरते, मी भरते. ती पुन्हा मारते, मी पुन्हा भरते. एकदा मध्येच मी विचारलं, "मी हिला मारू शकत नाय का? या चिंबोरीला?"

"हीलर मारत नाही आजी," छपाईवाला म्हणाला. "तुम्ही फक्त टँकला उभी ठेवा."

"कुठपर्यंत?"

"बॉस मरेपर्यंत."

"नाय मेला तर?"

"मग आपण सगळे मरतो, आणि परत पहिल्यापासून."

तो हसत हसत बोलला. त्याचं काही चुकलं नाही, खेळ तसाच आहे. पण मला शेजारी नातीचा दंड दिसत होता. डाग पिवळा पडून कधीच गेला होता, सुनेची हळद आणि शेक लागू पडला होता. पोरगी गालानं भरली होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिची पट्टी भरत आणली होती.

हेडफोन काढल्यावर मी तिला म्हटलं, "तुला मागं उभं राहून मारायचं काम घेता येत नाय का? पुढंच कनाला जातेस?"

"टँकचं कामच हाय मार खायचं, आजी."

"हे कोनी शिकवलं तुला?"

ती वायर गुंडाळत होती. ती गुंडाळत राहिली. मला पुढे बोलायचं होतं. तू जाऊ नको, एवढे तीन शब्द. पण घर मुलाचं, पोर त्याची, आणि ती राहिली तर तिला जन्मभर कोण बघणार, असं त्यानं विचारलं असतं तर माझ्याकडे काय होतं? वरच्या मजल्यांवर भाडेकरू आहेत, ते भाडं मुलाच्या हातात जातं. माझ्या हातात भाताची परात तेवढी आहे. मी बोलले नाही.

मग बैठक ठरली. जावई, त्याचा काका आणि त्यांच्या गावातले दोन जाणते रविवारी येणार, समजूत काढून पोरीला घेऊन जाणार. मुलानं सकाळीच पापलेटं आणली. बाहेरच्या खोलीत बोलणं झालं. मी आतून ऐकत होते. काका म्हणाला, भांड्याला भांडं लागतं. जावई म्हणाला, चुकलं माझं. मुलगा म्हणाला, झालं गेलं. नातीला कोणी विचारलं नाही, आणि तीही काही बोलली नाही. आमच्यात असं बोलणं झालं की जेवण होतं. एका पंगतीला सगळे जेवले की तंटा मिटला असं धरतात. म्हणून त्या दिवशी तिलाही नवऱ्याच्या शेजारी बसवलं होतं.

गुडघ्यामुळे आता सून वाढते. पण त्या दिवशी परात मी मागून घेतली. कमरेला टेकवून चालत गेले, काकाच्या पुढून, दोघा जाणत्यांच्या पुढून, जावयाच्या पुढून. त्यांची पानं रिकामी होती. मी नातीच्या पानात भात घातला. मग सुनेच्या हातातून ताट घेऊन पापलेटाचा मधला मोठा तुकडा तिला वाढला.



काका म्हणाला, "आजी, पंगत कुठून सुरू व्हते ते इसरल्या वाटतं."

"नाय इसरले. आज हिकडून."

"जावई बसलाय शेजारी."

"दिसतोय मना. त्याची पट्टी भरलेली हाय."

कोणाला काही कळलं नाही. म्हातारी भ्रमात बोलली असं वाटलं असेल. कळलं ते फक्त नातीला. तिनं माझ्याकडे वर बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. एक शब्द बोलली असती तर मी परात तिथेच आपटायला तयार होते.

तिनं आपलं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. त्याचं रिकामं ताट आपल्यापुढे ओढलं. "आजी, त्यांना वाढ आधी," म्हणाली, हळूच, जशी मीच तिला लहानपणापासून शिकवत आले होते तशी.

काका हसला. जाणते हसले. जेवण सुरू झालं. मी परात घेऊन उभी राहिले, मग सुनेनं ती माझ्या हातातून काढून घेतली. ऊन उतरायच्या आत नात गेली. डबा सुनेनं भरला. लॅपटॉपची बॅग तिनं स्वतः खांद्याला अडकवली, ते मी बघितलं.

मुलगा नंतर म्हणाला, "आये, तुला काय गरज व्हती?"

मी म्हटलं, "काय गरज नव्हती." खरंच, त्यानं काहीच झालं नव्हतं.

फोन मी करते. ती बरी आहे म्हणते. तिचा फोन स्पीकरवर असतो, मागे टीव्ही चालू असतो, म्हणून मीही हवापाण्याचं बोलते. उरणला मला कोण नेणार? मुलगा म्हणतो, सारखं गेलं की त्यांना राग येतो.

रविवारी मी मात्र बसते. कॉम्प्युटर सून चालू करून देते, कुठलं चित्र दाबायचं ते मला ठाऊक आहे. पहिल्या काही रविवारी लाल टिकलीशेजारी पट्टीच नव्हती, नुसती काळी जागा. छपाईवाला म्हणाला, "आजी, दुसरा टँक शोधू का? असे किती दिवस थांबणार?" मी म्हटलं, "शोध." त्यानं शोधला नाही. आम्ही चौघं लहानसहान प्राण्यांना मारत बसायचो. त्यांना टँक लागत नाही.

मग एका रविवारी ती आली. मी बघत असतानाच लाल टिकलीशेजारी हिरवी पट्टी उगवली, पूर्ण भरलेली. ऐरोलीची मुलगी ओरडली, आली म्हणून. मी हेडफोन कानावर दाबला. सगळ्यांचे आवाज आले, तिचा नाही.

"बाय, तू हायस ना गो?" मी विचारलं.

पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. मला वाचता येत नाही. मी म्हटलं, "कोनीतरी वाचा."

छपाईवाल्यानं वाचलं, "हो म्हणते."

"तिला विचार, आवाज का येत नाय."

ती ऐकतच होती. ओळ उमटली. "माईक खराब झालाय म्हणते."

"जेवलीस?"

"जेवले म्हणते."

"बरी हायस?"

या वेळी ओळ यायला वेळ लागला. छपाईवाला म्हणाला, "आजी, लिहिलंय, चला सुरू करू."

ती पुढे गेली. तळ्याच्या काठावर तिचं खेळातलं चिलखत घातलेलं माणूस पाठमोरं उभं राहिलं. त्या माणसाला गाल नाहीत, दंड नाहीत, मला बघण्यासारखं काही नाही. फक्त पट्टी, आणि ती भरलेली. चिंबोरी अजून पाण्याबाहेर आली नव्हती. मी लाल टिकलीशेजारी टिचकी मारली आणि दोन दाबलं. पुन्हा दाबलं.

"आजी, ती फुल आहे," छपाईवाला म्हणाला. "तुमची ताकद वाया चाललीय. मार बसू दे, मग भरा."

मला ऐकू आलं. मी दाबत राहिले.