शिट्टीसर आणि काळजाचा तडा

शिट्टीसरांचा गुडघा गेला आणि त्याचा फटका ग्रंथालयाला बसला. सत्तावीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, आता धावणं बंद, उभं राहणंसुद्धा बेतानं. निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बसून करायचं काम शाळेत कुठे आहे ते शोधलं, तर ते ग्रंथालयात निघालं. तिथल्या बाई नुकत्याच नोकरी सोडून गेल्या होत्या. सरांनी खेळाच्या नियमांची एक पुस्तिका सोडली तर दुसरं काही वाचलेलं नव्हतं, आणि त्या पुस्तिकेचीही मधली पानं चिकटलेली होती. पण हुकूम म्हणजे हुकूम. सर किल्ली घेऊन हजर झाले.

पहिल्याच दिवशी कपाट उघडलं आणि त्यांचं डोकं फिरलं. उंच पुस्तकाशेजारी बुटकं, बुटक्याशेजारी आडवं पडलेलं. "ही काय रांग आहे?" ते पुस्तकांवर खेकसले. मग विषय, लेखक, क्रमांक असल्या भानगडीत न पडता त्यांनी चार दिवसांत सगळं ग्रंथालय उंचीप्रमाणे लावून टाकलं. बुटकी पुढे, उंच मागे. नकाशांचा जाडजूड ग्रंथ आणि हत्तीच्या पिल्लाचं चित्रपुस्तक शेजारी शेजारी उभे राहिले. नवं पुस्तक आलं की सर आवाज देत, "सरका एक-एक!" आणि मग स्वतःच सरकवत बसत, कारण पुस्तकं ऐकत नसत. पानं सुटलेल्या पुस्तकांना खालच्या फळीवर सक्तीची विश्रांती होती.

मुलं वस्ताद. महिनाभरात ती त्याच भाषेत पुस्तकं मागू लागली. "सर, ते देवमाशाचं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंतचं." सर डोळे मिटून तिसऱ्या कपाटाकडे बोट दाखवत, आणि दहातल्या सात वेळा तिथे देवमासा सापडायचा. उरलेल्या तीन वेळा विणकाम.

तर ते असो. सरांची खरी मालमत्ता पुस्तकं नव्हती, शिट्टीही नव्हती. ती होती एक वाक्य. पळून आल्यावर पोरं नळाकडे धावली की सर गरजत, "पळून आल्यावर तासभर पाण्याला शिवायचं नाही! तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं की काय होतं? तडा जातो! तसाच काळजाला तडा जातो!" सत्तावीस वर्षांतल्या सगळ्या पोरांनी हे ऐकलं होतं. ती आता मिशीवाली झाली, त्यांना मुलं झाली, आणि त्या मुलांच्या हातातले पेले ती काढून घेऊ लागली. दुसऱ्या कुठल्या सरांचं एक वाक्य तरी गावाला पाठ होतं का? नव्हतं. शिट्टीसरांना याचा फार अभिमान होता, आणि मी तर म्हणतो, असायलाच हवा.

घोटाळा केला सातवीतल्या एका मुलीनं. तिला सगळे 'कशावरून' म्हणत. उद्या सुट्टी आहे असं कुणी सांगितलं तरी ती विचारायची, "कशावरून?" असल्या पोरीला विज्ञानाच्या बाईंनी प्रकल्प दिला: शाळेत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, खऱ्या किती आणि खोट्या किती. अट अशी की 'अमुक म्हणाले' चालणार नाही. प्रत्येक गोष्टीला दोन पुस्तकांचा आधार हवा, पान क्रमांकासकट. लिहिणाऱ्याला त्या विषयातलं कळत असलं पाहिजे, आणि एकानं दुसऱ्याचं उतरवून काढलेलं नसावं. प्रदर्शन शनिवारी, पालकांसमोर.

'कशावरून' ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "सर, पहिली गोष्ट तुमचीच घेतलीये. काळजाच्या तड्याची."

सर खूश. "मग पुस्तक कशाला? मी आहे ना."

"सर, तुम्हाला पान क्रमांक नाहीये."

हे सरांना मान्य करावं लागलं. "उद्या ये, काढून ठेवतो," ते म्हणाले.

आपल्या वाक्यासाठी सर पहिल्यांदा वाचायला बसले. शरीराची पुस्तकं उंचीप्रमाणे उभी होती, त्यामुळे ती सबंध ग्रंथालयात विखुरलेली. सरांना पहिल्या बुटक्यापासून सुरुवात करावी लागली. स्वतःच्या शिस्तीला त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. मधल्या सुट्टीपर्यंत एक सापडलं. पान एकेचाळीस: पळताना घामावाटे पाणी जातं, ते भरून काढायला थोडं थोडं पाणी प्यावं. सरांनी चष्मा पुसला. पान एकेचाळीसच होतं.

लेखक कोण आहे ते त्यांनी पाहिलं. आयुष्यात कधी पळाला तरी असेल का हा? तर तो वीस वर्षं धावपटूंवर उपचार करणारा डॉक्टर निघाला. दुसरं पुस्तक एका शिक्षिकेचं, तिथेही तेच. तिसऱ्यात तर चित्रच होतं: घामाघूम मुलगा, हातात पाणी, आणि चेहऱ्यावर हसू. काळीज शाबूत. तड्याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही. मग सरांनी मागचा माग काढायचा प्रयत्न केला. आपल्याला हे कुणी सांगितलं? आपल्या सरांनी. त्यांना? त्यांच्या सरांनी. त्यापुढे सगळे सरच सर होते, आणि पान क्रमांक एकालाही नव्हता.

सरांनी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. तिन्ही पुस्तकं त्यांनी टेबलाच्या खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं.

घरी जेवताना त्यांनी आडून आडून विषय काढला. बायको दवाखान्यात नर्स होती. "काय गं, पळून आल्यावर पाणी प्यायलं तर काय होतं?"

"तहान भागते," ती म्हणाली. "आणि अहो, हे तुम्ही मला विचारताय? लग्न झाल्यापासून तुम्ही मैदानावरून आलात की मी पाणी घेऊन दारात उभी राहायचे. तुम्ही म्हणायचात, ठेव बाजूला. तासभर तुमची जीभ टाळूला चिकटलेली, तोंडातून शब्द फुटायचा नाही. मला वाटायचं, माझ्यावर राग आहे. पहिली दोन वर्षं मी रोज स्वयंपाकघरात जाऊन रडायचे."

"मला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, पुस्तकात कुठे लिहिलंय?"

सरांच्या घशात घास अडकला. बायकोनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न केला, पण तिला ते काही जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'कशावरून' आली. "सापडलं का सर?"

"नाही गं," सर म्हणाले. "त्या विषयावर आपल्याकडे काहीच नाही."

आता ती 'कशावरून?' विचारणार, आणि मग काय सांगायचं? मुलीनं वही मिटली. "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे नसेलच," ती म्हणाली आणि दाराकडे निघाली.

ज्या पोरीनं मोठ्या बाईंचंही कधी मुकाट्यानं ऐकलं नाही, तिनं सरांचं ऐकलं. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाक्य जातंय याचं वाईट त्यांना कालपासून वाटतच होतं, पण ही लाज वेगळी होती. ती दाराबाहेर पडायच्या आत सरांनी तोंडात शिट्टी घातली आणि फुंकली. शेजारच्या वर्गात शुद्धलेखन चाललं होतं, तिथले बत्तीस जण उठून सावधान उभे राहिले.

"परत फीर," सर म्हणाले आणि त्यांनी खण उघडला. "तीन आहेत. तिन्ही म्हणतात मी चूक. मी लपवली होती."

मुलीनं पुस्तकं पाहिली, मग सरांकडे पाहिलं. "हे पण लिहू?"

"लिही," सर म्हणाले.

शनिवारी तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'काळजाला तडा जातो. खोटं. पुस्तकं शोधली शिट्टीसरांनी. आधी लपवली, मग दिली.' सर बाजूला खुर्चीत बसले होते. पालक येत होते, हसत होते, पुढे जात होते. तेवढ्यात 'कशावरून'चा बाप आला. ट्रक चालवणारा माणूस, महिन्यातले वीस दिवस घराबाहेर. शाळेत पाऊल ठेवून त्याला कितीतरी वर्षं झाली होती. तक्त्यावरच्या 'खोटं'पर्यंतच वाचून तो पोरीवर उखडला.

"हे काय लिहिलंयस? आमच्या सरांना खोटं पाडतेस?"

"पुस्तकात आहे, बाबा."

"त्यांच्या शब्दाखातर मी अजून माल उतरवला की तासभर पाणी पीत नाही!"

सर खुर्चीतून म्हणाले, "अहो, पण पान एकेचाळीसवर..."

"तुम्ही गप्प बसा हो!" बाप म्हणाला. "तुम्ही पुस्तकात तोंड घालून बसणारी माणसं. मैदान बघितलंय कधी? आमचे सर म्हणजे वाघ! आणि इंजिनाचं मला सांगू नका, मी रोज चालवतो."

सरांना आनंदही झाला आणि रडूही आलं. असं कौतुक त्यांच्या तोंडावर आजवर कुणी केलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना खोडून काढायचं होतं. ते गुडघा धरून कसेबसे उभे राहिले. "माणूस म्हणजे इंजिन नाही रे. माझं चुकलं. मीच तो."

बापानं पाहिलं. चष्मा, पांढरे केस, वाकलेली पाठ. मग हळूहळू त्याचे हात मांड्यांना चिकटले आणि टाचा जुळल्या. "सर, तुम्ही?" तो चाचरत म्हणाला, "तुम्ही मला आणखी एक सांगितलं होतंत. मी आयुष्यात काहीतरी करून दाखवीन म्हणून. ते?"

सरांना वाटलं, या एका वेळेला तरी खोटं बोलावं. पण पोरगी बाजूलाच उभी होती. "ते मी सगळ्यांनाच सांगायचो रे," ते म्हणाले.

"तरी बरं वाटायचं," बाप म्हणाला.

सरांनी दुसरी खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि पेनचं टोपण काढलं. "बस. काय काय केलंस ते सांग. आपण तपासून बघू."

"ट्रक चालवतो."

"पुढे?"

"एकवीस वर्षं झाली. एकही अपघात नाही. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही."

सर लिहू लागले. त्यांच्या खांद्यावरून पोरगी वाकून बघत होती. "बाबा," ती म्हणाली, "लायसन्स आणलंय का?"

बापानं खिशात हात घातला.