शेठची यॉट पाण्यात सोडताना

आमच्या शेडमधला लाकडाचा भुसा रोज संध्याकाळी झाडून निघतो. किस्से मात्र साचत जातात, कारण ते तयार करणारी ज्येष्ठ मंडळी कधी सुट्टीच घेत नाहीत!

गव्हाणच्या खाडीकाठी आम्ही एका शेठसाठी शिडाची अवाढव्य यॉट बांधत होतो. इंजिनियर झाल्यावरची माझी पहिली बोट. ती तरंगताना बघायची, एवढीच माझी इच्छा. बोटीकडून ही अपेक्षा जास्त नाही ना?

*

शेठचे काका वास्तुशास्त्रातले जाणकार. "देवघराचं तोंड पूर्वेलाच हवं."

केलं. मग मी म्हटलं, "काका, बोट वळली की देवघरही वळणार."

काकांनी क्षणभर विचार केला. "मग वळवायची नाही!"

*

शेठच्या आई बोट बघायला आल्या. डोलकाठीकडे बघून खूश झाल्या. "एवढ्या दोऱ्या! कपडे वाळत घालायची छान सोय केलीस गं."

"आजी, त्या शिडांसाठी आहेत."

"असू दे की. शिडं काय रोज धुणार आहात?"

*

आमचे मॅनेजर प्रधान सर. मी हार्नेस बांधून डोलकाठीवर चढले, तर खालून ओरडले, "बेटा, आधी उतर! मुलींचं काम नाही ते! तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू?"

"सर, इथे फोनला फुल रेंज आहे!"

सरांनी खिशातला फोन चाचपला. मग, "बरं, आता चढलीच आहेस तर थांब. दोरीने माझा फोन पाठवतो. तीन मेल अडकलेत!"

*

एवढी मोठी बोट सोडायला उधाणाची भरती लागते. मी अमावास्या सुचवली. "अमावास्येला? शुभ बोल!" सर दचकले. गेले पंधरा दिवस.

पौर्णिमेची भरती होती दुपारी साडेबाराला. मुहूर्त निघाला सकाळी सहा चाळीसचा. ऐन ओहोटीत!

आमचे मुख्य सुतार जोमाकाका सरांना म्हणाले, "सायेब, मुहूर्त भटजीला इचारलात, पानी चांदाला इचारायचं ऱ्हायलं."

"सहा तासांसाठी शेठना नाराज करू?" सर म्हणाले.

सहा चाळीसला नारळ फुटला, बँड वाजला. बोट खालच्या चाकांच्या गाड्यासकट उतारावरून सरसर घसरली आणि मोठ्या दिमाखात चिखलात जाऊन उभी राहिली. खेकडे पळाले. जोमाकाका कपाळाला हात लावून खाली बसले. मला रडू यायचंच बाकी होतं.

शेठ शिडीने वर चढले. डेकवर दोन चकरा मारल्या. चहाचा काठोकाठ भरलेला कप कठड्यावर ठेवला आणि बघत राहिले.

"वा! मित्रांच्या बोटी कसल्या हलतात, मला उलट्या होतात. ही बिलकुल हलत नाही! डिझाइन कोणाचं?"

सरांनी मला पुढे ढकललं.

"शेठ," मी म्हणाले, "दुपारी पाणी वर चढेल. मग ही तरंगेल. आणि हलेल."

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी आधी खाडीकडे बघितलं, मग प्रधान सरांकडे.

"हे पाणी... अडवता येईल का?"

प्रधान सरांनी डायरी उघडली. "बघून घेतो, शेठ!"