चार भागांतली आत्या

जिनिंगमध्ये दुपारभर बसून घरी आलं की कापसाची बारीक पिंज केसांत, कॉलरवर, मिशीत अडकलेली असते. बसलेलं असताना कळत नाही, घरी बायको दाखवते. आमच्या एम.ए.च्या अभ्यासाचे किस्से मला तसेच चिकटलेले आहेत. कुणी मुद्दाम जमवले नाहीत. जुनी माणसं भेटली की कुणीतरी एक उपटून काढतो आणि त्याच्यामागून बाकीचे निघत राहतात.

तेव्हा सेलूत आम्ही चौघं बाहेरून एम.ए.ला बसलो होतो. विषय मराठी. मी पंचायत समितीत कारकून. शेळके गुरुजी देवगाव फाट्याच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक, पन्नाशी उलटलेले, सायकलवर यायचे. जाधव जिनिंगमध्ये ग्रेडर, म्हणजे आलेल्या गाडीतला चिमूटभर कापूस ओढून त्याची प्रत ठरवणारा माणूस. चौथ्या मालतीताई ढवळे, हायस्कुलात टेम्पररी शिक्षिका.

आम्हा तिघांची हौस होती. मालतीताईंची मात्र नोकरी त्यावर होती. शाळेला ज्युनिअर कॉलेज मिळालं होतं, मराठीची एक जागा होती, आणि हेडमास्तरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "निकालापर्यंत जागा थांबवतो. पास झालात तर मुलाखत. नाही तर टेम्पररी पण संपली."

रविवारी दोन ते पाच आम्ही जिनिंगच्या नमुना-खोलीत बसायचो. तीन पुरुषांत सून एकटी कशी धाडायची म्हणून मालतीताईंच्या सासूबाई सोबत यायच्या. त्यांना सगळे माई म्हणायचे. लेकराला घरी मालतीताईंचे यजमान सांभाळायचे. माईंना अक्षरओळख नव्हती. त्या कोपऱ्यात पोत्यावर बसून नमुन्याच्या कापसाच्या वाती वळायच्या. असला लांब धाग्याचा कापूस फुकट मिळतोय म्हटल्यावर त्यांनी एकही रविवार चुकवला नाही.

*

अभ्यासाला एक जुनी, सातशे पानांची कादंबरी होती. नाव सांगत नाही, कारण लेखक गेले असले तरी त्यांचे भक्त अजून आहेत. बाजारात ती मिळत नव्हती. सगळ्या सेलूत एकच प्रत, ती शेळके गुरुजींची. चौघांनी कधी वाचायची आणि कधी लिहायचं?

जाधव म्हणाला, "गुरुजी, कापसाची गाठ फोडतो तसं फोडू. चार हिस्से करू. ज्यानं त्यानं आपला हिस्सा वाचायचा आन् रविवारी बाकीच्यांना सांगायचा."

गुरुजींचा चेहरा पडला. दोन रविवार त्यांनी विचार केला. तिसऱ्या रविवारी हात धुऊन आले, पुस्तकाला नमस्कार केला आणि ब्लेडनं शिवण कापली. मग दाभणानं चार वेगळे भाग शिवून प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं. पहिला भाग गुरुजींना, दुसरा मालतीताईंना, तिसरा मला, चौथा जाधवला.

इथंच आमची पहिली चूक झाली. शेवट जाधवच्या हातात गेला, आणि जाधवच्या पोटात काही राहत नाही. पुढच्या रविवारी गुरुजी नायकाच्या जिवलग मित्राचं वर्णन करायला लागले. त्याचे कुरळे केस, त्याचं हसणं, त्याची बासरी. गुरुजींचा आवाज अगदी भरून आला होता.

जाधव हळूच म्हणाला, "गुरुजी, लय जीव लावू नका. मरतो त्यो."

*

कादंबरीचा नायक श्रीधर. पहिल्या भागात तो एका लेकराला वाचवायला भर दुपारी विहिरीत उडी मारतो. माझ्या तिसऱ्या भागात मात्र तो, घरात भांडण चाललेलं असताना, माळ्यावर जाऊन बसतो आणि जेवायला हाक मारेपर्यंत खाली येत नाही.

गुरुजी म्हणाले, "धैर्य हा त्याचा स्थायीभाव."

मी म्हणालो, "पळपुटा आहे हो तो."

गुरुजींना ते अंगाला लागलं. पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. निरोप जाधवमार्फत. शेवटी मालतीताई वैतागल्या, "तुम्ही दोघं एकाच माणसाबद्दल बोलताय ना, ते तरी एकदा बघून घ्या."

कोपऱ्यातून माई म्हणाल्या, "एकच हाय त्यो. माझा थोरला तसाच हाय. हिरीत उडी मारंल, पन घरात दोन बाया भांडायल्या की शिडी लावून वर धाब्यावर जाऊन बसतो."

मालतीताईंनी मान खाली घातली. थोरला म्हणजे त्यांचेच यजमान. गुरुजींनी वहीत दोन ओळी लिहून घेतल्या आणि मला विड्याचं पान दिलं.

*

जाधवला सराव म्हणून प्रश्न घातला होता, श्रीधरचे स्वभावचित्रण करा. त्यानं अर्ध्या पानात निकाल लावला.

"नायक दिसायला पांढराशुभ्र. ओढून पाहिल्यास धागा आखूड. एकट्या चौथ्या भागात डोळ्यांत सात वेळा पाणी, म्हणजे ओलावा जास्त. एक नंबरात घेता येणार नाही."

गुरुजींनी वीसपैकी तीन गुण दिले आणि खाली लाल शाईनं शेरा मारला, "निष्कर्ष अचूक. भाषा मोंढ्याच्या बाजारातली."

*

माझ्या हातून मोठा गुन्हा घडला. ऑफिसच्या कामानं सोनपेठला जाताना माझा तिसरा भाग एस.टी.त राहिला. डेपोत विचारलं, कुणाला पत्ता नव्हता. गुरुजींना कोणत्या तोंडानं सांगायचं? माझी शेवटची साठेक पानं वाचायची राहिली होती. रविवारी मी गंभीर चेहरा केला आणि मनानंच कादंबरी पुढं सांगायला लागलो.

कादंबरीत श्रीधरची एक विधवा आत्या आहे. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला. श्रीधर परगावाहून बायकोला, इंदुमतीला, पत्रं लिहितो आणि ही आत्या ती लपवून ठेवते. सगळा अनर्थ त्यातून होतो. मी आत्याला पश्चात्ताप करायला लावला. ती इंदुमतीच्या गळ्यात पडून रडली, पत्रांचं गाठोडं तिच्या पदरात घातलं. मला स्वतःलाच गहिवरून आलं. गुरुजी टिपणं घेत होते.

माईंचा हात वातीवर थांबला. "वसंतराव, ही आत्या आपली न्हाई."

"म्हणजे?"

"आपली आत्या कुनापुढं रडनारी न्हाई. रडली तर कोठीत जाऊन, दार लोटून रडंल. ही दुसरीच कुनी तरी धरून आनली तुमी."

मी भाग हरवल्याचं कबूल केलं आणि गुरुजींचे पाय धरले. गुरुजींनी आपली टिपणं खोडली, पण एकेक ओळ, सावकाश, माझ्याकडे बघत.

*

तो भाग शेख कंडक्टरकडे सापडला. पुढच्या फेरीला मी गाडीत चढलो तर त्यांनी चामडी पिशवीतून खाकी कव्हर काढलं. मी हात पुढं केला. त्यांनी भाग मागं घेतला.

"साहेब, हे मधलंच हाय. दोनदा वाचलो. म्हागचं काय, फुडचं काय, ते सांगा. मंग नेवा."

सोनपेठ येईपर्यंत मी सांगत होतो. पुरलं नाही. भाग त्यांनी दिला, पण त्यानंतर दर फेरीला माझ्यासाठी पुढची सीट धरली. थोड्या दिवसांनी मागचे लोकही सरकून पुढं बसायला लागले. एकदा शेखभाईंनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, तुमचा फाटा गेला की म्हागं. उतरले न्हाई?"

म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या हो. येतो चालत. त्या पोरीला चिठ्ठ्या घावल्या का, तेवढं ऐकू द्या."

*

गुरुजींचा सिद्धान्त होता की उत्तरात समीक्षकाचं नाव घातलं की दोन गुण वाढतात. आमच्याकडे समीक्षेची पुस्तकं कुठली? मी एक प्राध्यापक सावळजकर तयार केले. जाधवला ते इतके आवडले की त्यानंही वापरले. गुरुजींनी दोघांचे पेपर शेजारी ठेवून तपासले. माझ्या पेपरात सावळजकरांना इंदुमती थोर वाटत होती, जाधवच्या पेपरात त्यांना ती अजिबात चालत नव्हती.

"आधी तुमच्या सावळजकरांचं काय ते एक ठरवा," गुरुजी म्हणाले.

मालतीताईंनी मात्र एकही नाव घातलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "मत ज्याचं असेल त्याचं नाव लिहावं. नसेल तर लिहू नये." एवढी सरळ बाई. मला त्यांची काळजी वाटायची. अशानं पास कशी होणार?

*

मग परीक्षा पुढं गेली. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे बंद, मोर्चे. दिवस चांगले नव्हते. कालपर्यंत एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती आणि आम्हाला त्याची लाज वाटायची. मालतीताई तर दर रविवारी एकच विचारायच्या, जागा तोवर थांबेल का? हेडमास्तर थांबू म्हणाले होते, पण तोंडी.

वेळ होता म्हणून आम्ही कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून सांगायला घेतली. आमच्यापैकी प्रत्येकानं तिचा पावच हिस्सा वाचला होता. सबंध कादंबरी एकाच माणसाच्या कानावरून दोनदा गेली, आणि ते माणूस वाती वळत होतं.

आत्याचा विषय निघाला. जाधवनं कुठूनसं आणलेल्या गाइडात तिला सरळ खलनायिका म्हटलं होतं. गुरुजी मुद्दे सांगत होते. मत्सर, कपट, सत्तेची हाव.

माई म्हणाल्या, "गुरुजी, एक इचारू? ती बाई जेवती कवा?"

"कोण?"

"आत्या. समद्यांला वाढती. बारशाला वाढती, मंगळागौरीला वाढती, मयताला बी वाढती. तुमच्या पुस्तकात तिचं पान मांडलंय का कुठं?"

गुरुजींनी आपला भाग उघडला. मालतीताईंनी आपला. मी, जाधवनं, सगळ्यांनीच. नुसता पानांचा आवाज. पहिल्या भागात चार पंगती होत्या, आत्या वाढत होती. दुसऱ्यात तिची एकादशी. तिसऱ्यात सगळे जेवून उठतात आणि ती त्या जागेवर शेण फिरवते. चौथ्यात तर सतरा पानांचं लग्नाचं जेवण होतं.

"न्हाई," जाधव म्हणाला. "कुठंच जेवली न्हाई."

"मंग," माई म्हणाल्या, "सातशे पानं उपाशी ठिवली तिला. चिठ्ठ्या लपवल्या म्हनता. दुसरं काय होतं तिच्या हाती?"

इतका वेळ हसणारी आम्ही माणसं, पण त्या दिवशी चहा आला तरी कुणाला प्यावासा वाटेना. मला माझी मोठी काकू आठवली. तिला जेवताना मीही कधी पाहिलं नव्हतं.

*

परीक्षेत प्रश्न आलाच, खलनायिका म्हणून आत्याचे स्वभावचित्रण करा. आम्ही तिघांनी घाबरून गाइडातले मुद्दे उतरवले. मालतीताई बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक.

"मी माईंचं लिहिलं," त्या म्हणाल्या. "ती खलनायिका नाही असंच लिहिलं. आणि खाली नाव पण घातलं, गंगाबाई ढवळे यांच्या मते."

गुरुजी तिथंच पायरीवर बसले. "अहो, नाव कशाला घातलं?"

"मत त्यांचं होतं."

निकाल लागेपर्यंत आम्ही त्यांच्यासमोर हा विषय काढला नाही. निकाल लागला तेव्हा त्या पेपरात आमच्यात सगळ्यांत जास्त गुण त्यांना होते. गुरुजी आणि जाधव पास. मी त्याच पेपरात गचकलो. माझ्या पेपरात आत्याच्या कपटाबद्दल सावळजकर फार बोलले होते.

*

मुलाखतीला बाहेरून एक मोठे प्राध्यापक तज्ज्ञ म्हणून आले होते. आम्ही तिघं आणि माई नमुना-खोलीत वाट बघत बसलो. गुरुजींनी सायकलला पेढ्यांचा पुडा लटकवला होता, पण तो आत आणायला धजत नव्हते. पाचच्या सुमारास मालतीताई आल्या. दारातच चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या. आम्हाला काही कळेना.

"मिळाली?" गुरुजींनी विचारलं.

त्यांनी होकाराची मान हलवली. मग पाणी प्यायल्या आणि सांगायला लागल्या.

प्राध्यापकांनी म्हणे त्यांना याच कादंबरीतलं एक पात्र घ्यायला सांगितलं. त्यांनी आत्या घेतली. बारशाची पंगत, एकादशी, लग्नाची सतरा पानं, सगळं सांगितलं. प्राध्यापक पेन ठेवून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "वा. हे निरीक्षण तुमचं?"

"नाही सर. गंगाबाई ढवळे यांचं."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हेडमास्तरांकडे बघितलं आणि म्हणाले, "हां हां, गंगाबाई ढवळे. वाचलंय मी त्यांचं. लेखन थोडं जुन्या वळणाचं आहे, पण बाईंना दृष्टी आहे."

जाधव कापसाच्या ढिगावर आडवा झाला. गुरुजींना ठसका लागला, मी त्यांच्या पाठीवर थापा मारत होतो आणि माझंच पोट दुखत होतं. माई मात्र वात वळत होत्या. आम्ही जरा थांबल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "काय म्हनला त्यो? जुन्या वळनाची?"

"हो माई."

माईंनी वात ताटात ठेवली. पुढची वळायला कापूस ओढला.

"मंग वाचलंच असंल त्यानं," त्या म्हणाल्या.