लहानवालं मशीन

शाहपूरकडचे एक काका आमच्या बुऱ्हाणपूरच्या दुकानात गवत कापायचं, बसून चालवायचं मशीन बघायला आले. केळी काढून त्यांनी पाच एकरांत आंबे लावले होते. सगळ्यात दणकट मशीनवर बसून ते बराच वेळ स्टेअरिंगवरून हात फिरवत राहिले.

"काका, हे दोन-तीन तासांत पूर्ण शेत साफ करतं," मी म्हणालो.

"आणि ते लहानवालं?"

"त्याला दिवसभर लागेल."

ते हळूच उतरले. "मग लहानच द्या, भाऊ. तुमची काकू गेली तेव्हापासून दिवस निघत नाही."

मशीन पोचवायला मी स्वतः गेलो. चालवायचं कसं, हे त्यांनी तीनदा विचारलं. पहिल्याच वेळी त्यांना समजलं होतं. मी तीनदा सांगितलं.