आईसाठी डॉक्टर

बाबा निवृत्त झाले, सरकारी क्वार्टर सोडावं लागलं आणि मी आई-बाबांना माझ्याकडे, पुण्याच्या कडेला धायरीला घेऊन आले. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करत होते. कर्ज काढून नुकताच छोटा फ्लॅट घेतला होता. इमारत नवी कोरी, पण गॅलरीतून एका बाजूला अजून उसाचा तुकडा दिसायचा आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधकामांच्या सळया.

तिथे आल्यापासून आई थकायला लागली. पहाटे उठून वंदना म्हणायची तिची सवय सुटली नव्हती, पण ती झाली की पुन्हा आडवी व्हायची. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची. विचारलं तर म्हणायची, "वय झालं आता."

बाबांची सगळी नोकरी ऑडिट खात्यात गेलेली. चुका शोधणं हा त्यांचा धर्मच. माझं पोटही दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढण्यावर चालत होतं. त्यामुळे आईसाठी डॉक्टर शोधायचा म्हटल्यावर आम्ही दोघं हिरिरीने कामाला लागलो.

पहिला नंबर सदाशिव पेठेतल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांचा. बाबांच्या ऑफिसातले निम्मे लोक त्यांच्याकडे जायचे. दाराशी पाटी होती: 'नंबर कधी येईल हे विचारू नये. आल्यावर कळेल.' आईचा नंबर आल्यावर डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली आणि म्हणाले, "साठीला आलात. थकवा येणार नाही तर काय येणार?" टॉनिक लिहून दिलं. बाबा खूश झाले. "कमी बोलतात. ज्ञान असलं की माणूस कमी बोलतो." परतीच्या बसमध्ये मात्र आईला इतकं मळमळलं की मध्येच उतरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसावं लागलं. तेव्हा एवढ्या लांबचा डॉक्टर नको, असं ठरलं.

मग सिंहगड रोडवरचा नवा दवाखाना. आत एसी, माशांची टाकी, टेबलावर कॉम्प्युटर. तो मला आवडला, हे खरं. डॉक्टरांनी आमचं बोलणं टाइप करून घेतलं आणि "वीकनेस आहे" म्हणून आईला सलाईन लावलं. त्या दिवशी दुपारी तिला हुशारी वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वेटर आणि पलंग.

शेवटी शेजारणीने धायरी गावातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. त्या तिथल्याच एका शेतकरी घरातल्या सून. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना. एका शनिवारी आम्ही तिघं गेलो. बाकावर एक नऊवारीतल्या बाई, बांधकामावरचे दोन मजूर आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक मुलगा बसला होता. बाकाचा एक पाय डुगडुगत होता. बाबांनी भिंतीवरचं पदवीचं प्रमाणपत्र जवळ जाऊन वाचलं, बेसिनवर साबण आहे का ते पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साबण आहे. पण बाई फार तरुण आहे."

आम्हाला आत बोलावलं. डॉक्टर माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी खुर्ची आईच्या जवळ ओढून घेतली.

"काय होतंय काकू?"

"थकवा," बाबा म्हणाले. "वर्ष होत आलं. भूक बरी आहे, झोप व्यवस्थित आहे."

"रात्री जाग येते का?"

"छे, गाढ झोपते ती."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, मी काकूंना विचारतेय."

"मी तेच सांगतोय की."

"हो, पण मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही जरा बाहेर बसता का? ताई, तुम्हीसुद्धा."

आम्ही डुगडुगत्या बाकावर येऊन बसलो. बाबांचा चेहरा लाल झाला होता. "मोठमोठ्या साहेबांची दप्तरं तपासली मी," ते पुटपुटले. "मला कोणी असं बाहेर काढलं नव्हतं."

नऊवारीतल्या बाई हसल्या. "ती आशीच हाय. लई वेळ लावती, पन समदं इचारती. बसा निवांत."

बंद दारातून आईचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. आणि मग ती हसली. तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. बाबांनीही मान वर केली.

आम्हाला परत आत घेतलं तेव्हा आई पदराने डोळे पुसत होती, पण चेहरा मोकळा होता.

"काकूंना झोप नीट लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पोट साफ होत नाही, थंडी वाजते, केस जातायत, आवाज बसलाय. मला थायरॉइडची शंका येतेय. पण ती शंकाच आहे. रक्त तपासल्याशिवाय मी औषध देणार नाही."

"आवाज बसलाय?" बाबांनी आईकडे पाहिलं.

आम्हाला वाटत होतं, ती हल्ली कमी बोलते.

घरी येताच बाबांनी निकाल दिला. "आगाऊ आहे. शिवाय अनुभव नाही." मीही गर्दी, बाक, लागलेला वेळ असं सगळं मोजायला लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अहो, औषध मला घ्यायचंय ना?"

"मग?"

"मग डॉक्टर मी ठरवते. मी हिच्याकडेच जाणार."

बाबांच्या कुठल्याही शेऱ्यावर आईने असं उत्तर दिलेलं मला आठवत नव्हतं. बाबांनाही आठवत नसावं. ते वर्तमानपत्र उघडून बसले.

रात्रीची भांडी आवरताना मी आईला विचारलं, "आत इतकं काय बोलत होतीस?"

"तिने विचारलं, दिवसभर कोणाशी बोलता? म्हटलं, कोणाशीच नाही. तू ऑफिसात, हे पेपरात. क्वार्टर्समध्ये दार उघडलं की चार बायका दिसायच्या. इथे दार उघडलं की लिफ्ट." तिने कढई पुसून ठेवली. "मग ती म्हणाली, लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी गोठ्यातल्या म्हशीशी बोलायचे. मला हसूच आवरेना."

रक्ताचा रिपोर्ट आला. शंका बरोबर होती. सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी सुरू झाली. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही, तेव्हा बाबा लगेच म्हणाले, "बघ!" पण डॉक्टरांनी आईला आधीच सांगून ठेवलं होतं, की हे हळूहळू होतं, धीर धरा. आईने धरला. पुढे कधीतरी मी कंपनीच्या बसमधून उतरले तर आई कोपऱ्यावर मेथी निवडून घेत, भाजीवालीशी हुज्जत घालताना दिसली. स्वेटर नव्हता. आवाज चांगला खणखणीत होता.

तपासणीला ती एकटीच चालत जायला लागली. त्या नऊवारीतल्या बाईंशी तिची ओळख वाढली. त्यांच्या शेतातली वांगी आमच्याकडे यायला लागली आणि आईची पुरणपोळी त्यांच्याकडे जायला लागली.

बाबांनी फार दिवस तिकडे पाऊल टाकलं नाही. पुढे त्यांना चक्कर आली, रक्तदाब वाढलेला निघाला, आणि आईनेच त्यांना नेलं. परत आले ते मीठ कमी करायची ताकीद घेऊन. पापड बंद झाले होते. संध्याकाळी खालच्या मजल्यावर राहायला आलेल्या नव्या कुटुंबाने डॉक्टरची चौकशी केली. बाबा जिन्यातच थांबले.

"गावात एक बाई आहेत," ते म्हणाले. "जरा फटकळ आहेत. वेळ फार घेतात. पण माणसाचं पूर्ण ऐकून घेतात. आमच्या घरचे सगळे त्यांच्याकडेच जातात."

त्या रविवारी आम्ही तिघं बसने खडकवासल्याला गेलो. धरण भरलेलं होतं. आईने गाडीवरून भाजलेलं कणीस घेतलं आणि मीठ न लावलेलं एक बाबांच्या हातात दिलं. बाबांनी कुरकुर केली, पण खाल्लं. मग आई पाण्याच्या कडेकडेने पुढे चालत गेली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता आणि ती आम्हाला हाक मारत होती, लवकर या म्हणून.