लॅटिनमधल्या झडत्या

वैजनाथला इंग्रजी साहित्य उत्तम शिकवता येतं, हे लातूर-नांदेडच्या बऱ्याच कॉलेजांनी मान्य केलं होतं. पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तासापुरता प्राध्यापक, वर्ष संपलं की नमस्कार. रेणापूर झालं, शिरूर अनंतपाळ झालं, आणि यंदा स्वतःच्याच तालुक्यात, किनवटला तास मिळाले. संस्था त्याच्याच गावच्या ईश्वरप्पांची. पोळा झाला की कायम जागेच्या मुलाखती होत्या, आणि "तुमचं बघू, सर" असं ईश्वरप्पा स्वतः म्हणाले होते. चाळिशीला टेकलेल्या माणसाला तेवढंही पुरतं.

वर्गात मध्ययुगीन युरोप शिकवायचा म्हणून त्याने त्या काळच्या लॅटिन गाण्यांचा एक अनुवाद उघडला आणि थक्क झाला. आठशे वर्षांपूर्वीचे ते भटके विद्वान! लॅटिन तोंडपाठ, पण चर्चमध्ये जागा नाही. मग या बिशपाच्या दारातून त्या बिशपाच्या दारात, मधे गुत्ता, फाशांचा डाव, थंडीत झग्यासाठी आर्जवं. आणि रचायचे काय, तर प्रार्थनेच्याच चालीवर लाचखाऊ बिशपाची टिंगल. सुरुवात देवाची, शेवटी आमेन, आणि मधे बिशपाची बिनपाण्याने हजामत. वैजनाथच्या अंगावर काटा आला. या तर झडत्या होत्या.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की त्याचे वडील, मारोती, झडत्या म्हणत. सरपंच, तलाठी, सावकार, कुणालाही सोडत नसत, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी सगळं गाव "हर हर महादेव" म्हणे. ज्याची टिंगल झाली त्यानेही म्हणायचं, राग धरायचा नाही, ही रीत. कॉलेजात असताना वैजनाथला याची लाज वाटायची. अडाण्यांचा धिंगाणा, असं तो मित्रांना सांगायचा. आता ते सगळं आठवून त्याचा ऊर भरून येत होता.

यंदा मारोतींचा घसा पार बसला होता. "तूच म्हण एखादी," ते खरखरत म्हणाले. "पण जपून. तोरण बांधायचा मान ईश्वरप्पाचा हाय. तुझ्या पोटावर पाय येईल असं बोलू नको."

वैजनाथने कौतुकाची एक झडती जुळवूनही ठेवली होती. तोरणापाशी ईश्वरप्पा कडक इस्त्रीत उभे होते, त्याच्याकडे बघून हसतही होते. वैजनाथने तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं:

"विद्येचा बांधला देव्हारा, देव बसला आत,
नैवेद्याचं ताट बघून मग डोईवर ठेवतो हात.
पोथ्या वाचून डोळे गेले, झिजली पायाची टाच,
देव म्हणे, पोथी राहू दे, ताटात काय ते वाच!"

संस्थेत कायम जागेसाठी किती मोजावे लागतात, हे साऱ्यांना ठाऊक होतं. गाव गरजलं, "हर हर महादेव!" ईश्वरप्पांचेही ओठ हलले. रीत मोडायची त्यांचीही छाती नव्हती.

रीत पोळ्यापुरती. मुलाखतीच्या दिवशी त्याला बाहेरच बसवून ठेवलं आणि संध्याकाळी शिपायाने कुलूप लावलं. किनवटचे तासही गेले, आणि दिवाळीनंतर तो देगलूरच्या एका कॉलेजात तासावर लागला.

देगलूरच्या स्टँडवर एकदा चहा पिताना शेजारच्या बाकावर हशा उठला. कुणी अनोळखी माणूस हातवारे करत म्हणत होता, "...ताटात काय ते वाच!"

वैजनाथ तिकडे वळला. "कुणाची हाय ही झडती?" त्याने विचारलं.

"कुणाची म्हंजे? लई जुनी हाय, सर. आमच्या आज्याच्या वक्ताची."

त्या लॅटिनवाल्यांपैकी कितीकांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती. गाणी तेवढी आठशे वर्षं चालत राहिली होती. "माझी हाय" हे शब्द वैजनाथच्या ओठांवर आले होते. त्याने ते चहाबरोबर गिळले आणि त्या माणसाला म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा की."